सतरावा ठिपका

नवी मुंबईला नऊ दिवस राहून आलो असं सांगितलं, की आमच्या दूध डेअरीतले लोक विचारतात, "मग काय काय पाहिलंत?" खरं उत्तर असं आहे: एक मॉल, एक कारखाना, उरणकडचं एक गोदाम, आणि उरलेला सगळा वेळ माझ्या थोरल्या भावाचा उजवा पाय. तोही मी नीट पाहिला नाही, म्हणून तर हे लिहायला बसलो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका डेअरीत दूध तपासतो. सव्वीस वर्षं झाली. फॅट किती, पाणी किती, हे सांगणं माझं काम. पण मोजण्याची खोड कामापुरती राहिलेली नाही. गॅसचा सिलिंडर किती दिवस गेला, टाकी किती मिनिटांत भरली, सगळं मी लिहून ठेवतो. बायको म्हणते, सप्तपदीला पावलंही तुम्ही मोजली होती. मोजली होती. सात होती.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तिकडच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं माथाडी होता, पाठीवर पोती वाहिली. आता निवृत्त होऊन कोपरखैरण्याला राहतो. साखरेचा आजार जुना, त्यामुळे दोन्ही तळपाय बधिर झालेत. दोन वर्षांपूर्वी चपलेत खडा गेला होता, तो घेऊन दादा दिवसभर चालला, कारण त्याला कळलंच नाही. उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या पायाला पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही."

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. तुर्भ्याला एक कारखाना आहे, तिथे रबरासारखी मऊ, कळणारी कातडी बनवतात. ती मोज्याच्या तळाला लावली की पायाला जे कळत नाही ते तिला कळतं आणि फोनवर आकडा येतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चाचणीसाठी दादाचं नाव दिलं होतं. "मशीन आकडे देतंय," वहिनी म्हणाल्या, "पण त्या वेळेला माणूस काय करत होता ते कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणे. मी सांगितलं, आमचे भाऊजी आहेत की."

हे शेवटचं वाक्य मी बायकोला दोनदा ऐकवलं. मग दहा दिवसांची रजा टाकली आणि सामान भरलं: कपडे, दोनशे पानी वही (रकाने घरीच आखून), पट्टी, चार पेनं, आणि डेअरीतलं दोनशे ग्रॅमचं प्रमाणित पितळी वजन. तिकडच्या मशीनवर एकदम विश्वास कसा ठेवायचा?

पहिला दिवस: तुर्भे

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की एसटीत ते वजन माझ्या पिशवीतून शेजाऱ्याच्या पायावर पडलं. "दोनशे ग्रॅमच आहे," मी त्याला धीर दिला. तो पाय चोळत म्हणाला, "मला किलोचं वाटलं." मनात म्हटलं, याचा पाय चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, दादा आणि वहिनी तुर्भ्याला गेलो. माझ्या वहीतला पहिला दिवस हा. खाली ट्रकांची रांग, वाऱ्याबरोबर कुठूनतरी मिरचीचा खकाणा, आणि दुसऱ्या मजल्यावर तो गाळा. जिना चढताना दादा खाली बघत चढतो. पाऊल कुठे पडलं हे पायाकडून कळत नाही, म्हणून डोळ्यांकडून विचारून घेतो.

दारातच मालक भेटले, जनार्दनशेठ. खाडीकाठच्या जुन्या गावातले. त्यांची मिठागरं आणि भातशेती नव्या शहरात गेली, मग त्यांनी छपाईचा धंदा काढला. मिक्सरवर, वॉशिंग मशीनवर प्लास्टिकखाली सपाट बटनं असतात, ती हे छापायचे. "या, बसा. पानी घ्या," ते म्हणाले. "ही माजी पोरगी, मानसी. तीच साहेब हाय. मी आपला नावाला शेठ."

मानसी तिशीतली, इंजिनिअर. बापाच्या त्याच छपाईवर तिने ही कातडी उभी केली होती. तिने आधी एक डबा उघडून दाखवला. आत राखाडी रंगाची, श्रीखंडाएवढी घट्ट शाई.

"यात चांदीची भुकटी आहे, काका. वीज हिच्यातूनच जाते."

"चांदी?" दादाने वहिनींकडे बघितलं. "ही चाळीस वर्षं पैंजण मागतीया, आन् चांदी आधी माझ्या पायात."

"घाला की," वहिनी म्हणाल्या. "छुमछुम वाजलं तर निदान कुठं गेलाय ते तरी कळंल."

लग्नपत्रिका छापतात तशी जाळीची चौकट होती. खाली सायकलच्या ट्यूबसारखी ताणणारी, पण पारदर्शक फिल्म. एका ताईंनी चौकटीवर शाई घालून रबरी पट्टी एकदा ओढली, चौकट उचलली, आणि फिल्मवर राखाडी रेघा उमटल्या. रेघा सरळ नव्हत्या, जिलेबी सोडल्यासारख्या नागमोडी होत्या. मी अर्थातच विचारलं, सरळ का नाहीत. शाई कमी लागली असती. मानसीने सरळ रेघेचा एक नमुना घेतला, त्याला छोटा दिवा जोडला आणि फिल्म ताणली. दिवा गेला. नागमोडी रेघेची फिल्म तेवढीच ताणली. वळणं जरा उलगडली, दिवा लागलेलाच राहिला. शाई वाचवण्याबद्दल मी पुढे काही बोललो नाही.

अशा दोन छापील चकत्या समोरासमोर ठेवायच्या आणि मधे मऊ रबराचा थर. दाब आला की थर चेपतो, चकत्या जवळ येतात, आणि किती जवळ आल्या ते फोन शून्य ते शंभरमध्ये सांगतो. मधला थर दोन पातळ द्रव मिसळून ओततात. ढवळताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून भांडं एका बंद बरणीत ठेवून आतली हवा ओढून घेतात. बुडबुडे वर येऊन फुटत होते, तेव्हा मला राहवलं नाही. "दुधात फेस असला की आमचं मशीनही चुकीचं फॅट दाखवतं."

"एक्झॅक्टली, काका!" मानसी म्हणाली.

माझी फजिती सुरू झाली ती या 'एक्झॅक्टली'पासून. एका इंजिनिअरने मला बरोबरीचा समजलं, अशी माझी समजूत झाली. मी पितळी वजन काढलं, ठिपक्यावर ठेवलं, आकडा लिहिला. उचललं, पुन्हा ठेवलं. असं पाच वेळा. आकडा एका घराच्या वर हलला नाही. "मशीन खरं बोलतंय," मी जाहीर केलं.

"ह्यानं पास केलं," दादा म्हणाला. "आता सरकारनं नाय केलं तरी चालंल."

गाळ्यात आणखीही गोष्टी होत्या. छातीवर चिकटवून झोपेतले ठोके मोजायची पातळ पट्टी. लकवा झालेल्या माणसाचं बोट रोज किती वाकलं ते सांगणारी बोटाची टोपी. कृत्रिम हाताला चढवायची कातडी, म्हणजे त्या हाताला कागदी कप न चेंगरता धरता येईल. दादाने त्या कातडीवर बोट टेकवलं. फोनवर ठिपका उजळला. बोट उचललं, विझला.

"ह्याला कळतंय," तो म्हणाला. "माझ्या पायाला न्हाय कळत, आन् ह्या रबराला कळतंय." हसतच म्हणाला. पण नंतर त्याने आणखी चार वेळा बोट टेकवून बघितलं. मी मोजत होतो.

दादाचा उजव्या पायाचा मोजा तयार होता. तळाला सोळा ठिपके, पोटरीला काड्यापेटीएवढी डबी. तो चढवला आणि जेवायची वेळ झाली. छपाईच्या टेबलाशेजारीच फरशीवर सतरंजी अंथरली गेली आणि आम्ही सगळे मांडी घालून बसलो. तांदळाची भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली. आमची ज्वारीची भाकरी दाताला काम देते. ही इतकी मऊ, की दोन खाऊन तिसरी कधी संपली ते कळलं नाही. बरोबर सुकट आणि कांदा. जेवताना मी फोनकडे बघितलं, तर सोळाच्या सोळा ठिपक्यांवर शून्य.

"हे काय?"

"तळव्यावर वजनच नाही ना आता," मानसी घास घेत म्हणाली. "बघा काका, फुल रेस्ट."

मी वहीत लिहिलं: मांडी = शून्य = पूर्ण आराम. खाली दोन रेघा मारल्या.

निघताना तिने सात नियम सांगितले, मी ते उतरवून घेतले. सातवा असा: ही फक्त चाचणी आहे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज आरशात पाय बघणं चालूच ठेवायचं. त्याखाली मी एक रेघ मारली.

दुसरा ते चौथा दिवस: कोपरखैरणे, मधे सीवूड्स

दुसऱ्या दिवशी मी दादाला सीवूड्सच्या मॉलमध्ये नेलं. कारण शास्त्रीय होतं: जमीन सपाट, उन्हाचा ताप नाही, फेरी प्रत्येक वेळी तेवढीच. एका मजल्याची एक फेरी सहाशे बारा पावलांची. दादा सवयीने पायाकडे बघत चालत होता, मी फोनकडे. चौथ्या फेरीला सुरक्षारक्षक जवळ आला. "काका, काही हरवलंय का?"

"पाय," दादा म्हणाला. "शोधतोय."

आमच्याकडे असं म्हातारं माणूस भेटलं असतं तर निदान चार जणांनी कुठल्या गावचे म्हणून विचारलं असतं. इथे त्या मुलाने फक्त सरकत्या जिन्याकडे बोट दाखवलं आणि "सांभाळून" म्हणाला. तेही कमी नाही.

संध्याकाळपर्यंत माझा तक्ता तयार झाला. चालताना सर्वांत मोठा आकडा एकाहत्तर, कापलेल्या बोटाच्या शेजारी. उभं राहिल्यावर अडतीस. खुर्चीत बसून पाय खाली टेकल्यावर नऊ. मांडी घातल्यावर शून्य.

आता दादाची दिनचर्या सांगायला हवी. सकाळी तो मार्केटपर्यंत चालत जाऊन जुन्या टोळीबरोबर बिनसाखरेचा चहा पितो. दुपारी चार वाजता तीच टोळी, म्हणजे उरलेले तिघं, त्याच्या घरी येते आणि ओट्यावर पत्त्यांचा, मेंढीकोटाचा डाव बसतो. बाकीचे ओट्यावर मांडी घालून, दादा प्लास्टिकच्या खुर्चीत. ती वहिनींनी बोट काढल्यानंतर आणलेली.

मी तक्त्याकडे बघितलं. खुर्ची: नऊ. मांडी: शून्य. मी खुर्ची उचलली आणि माळ्यावर टाकली.

"आरं, माझी खुर्ची?" दादा म्हणाला.

"नऊ येतात तिच्यात. खाली बस. शून्य."

"मला बी बरंच हाय," दादा म्हणाला आणि गड्यांच्यात जाऊन बसला. रामभाऊ, त्याचा डावातला भिडू, खूश झाला. "दोन वर्षं हा वरनं आमची पानं बघत व्हता. आता बरोबरीत आला."

त्या रात्रीच्या जेवणाआधी वहिनी हातात आरसा घेऊन आल्या. रोज त्या तळवा, टाच, बोटांच्या फटी बघायच्या. मी त्यांना थांबवलं. "वहिनी, आता आरसा कशाला? सोळा ठिपके दिवसभर बघतायत. तुम्ही दिवसातून एकदाच बघणार."

"डॉक्टर म्हणाले होते बघा."

"तेव्हा मशीन नव्हतं."

"बरं," म्हणाल्या आणि आरसा कपाटात ठेवला. वहिनींचं 'बरं' म्हणजे होकार नसतो, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मी जेवणाचं स्टूलही काढून घेतलं, जेवण खाली. टीव्ही खाली बसून. पेपर खाली बसून. दादा मार्केटला निघाला तर मी म्हणायचो, "एकाहत्तर येतील," आणि तो बिचारा परत बसायचा. शून्याचे तास पहिल्या दिवशी दोन होते, तिसऱ्या दिवशी साडेचार, चौथ्या दिवशी सव्वासहा. मी मानसीला संध्याकाळी अभिमानाने फोन करून कळवलं. "भारी काका!" ती म्हणाली. ती कारखान्याच्या गडबडीत होती. मी मात्र निवांत होतो, त्यामुळे ही सबब मला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी वहीत बेरीज करत असताना वहिनींनी कपाटातून आरसा काढला. मला विचारलं नाही. दादाचा मोजा उतरवला, तळवा बघितला. स्वच्छ. टाच, स्वच्छ. मग पाय आडवा करून ठेवताना त्यांचा हात थांबला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "इकडं या."

उजव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावर, हाडाच्या उंचवट्यावर, रुपयाएवढा लाल-जांभळा डाग होता. वहिनींनी त्यावर बोट दाबून सोडलं. आपल्या अंगावर दाबलं की जागा क्षणभर पांढरी होते. ही झाली नाही. लाल ती लालच.

"दुखतंय का?" मी विचारलं. जगातला सर्वांत निरुपयोगी प्रश्न.

"मला काय माहीत?" दादा म्हणाला.

मी वही उघडली. घोट्याचा रकाना नव्हता. मांडी घालून बसलं की तळवा हवेत असतो हे खरं, पण सगळं वजन घोट्यावर, फरशीवर. जिथे शून्य लिहून मी खाली दोन रेघा मारल्या होत्या, ते तास पायाला सर्वांत वाईट होते. आणि ते तास मी खुर्ची काढून, स्टूल काढून, कष्टाने वाढवले होते.

डेअरीत कॅन ढवळल्याशिवाय मी नमुना घेत नाही. वरवरचं दूध घेऊन अख्ख्या कॅनचं फॅट ठरवणाऱ्या पोरांना मी चारचौघांत झापलं आहे. ती सगळी पोरं त्या संध्याकाळी एकेक करून आठवली.

पाचवा दिवस: दवाखाना, मग तुर्भे

सकाळी वहिनींनी चहा दिला. म्हणजे माझ्यासमोर कप ठेवला.

डॉक्टरांनी डाग बघितला, दाबला, पुन्हा बघितला. "कातडी फाटलेली नाही. अजून दोन दिवस असंच चाललं असतं तर फाटली असती. मग काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे." दादाने मान हलवली. डॉक्टरांनी विचारलं, "काय करत होतात?"

मी वही पुढे केली. त्यांनी पान वाचलं. "यांना सव्वासहा तास फरशीवर कुणी बसवलं?"

"मी."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "मांडी बंद. घोट्यावर काही टेकायचं नाही, झोपतानाही नाही. रोज दोनदा बघा आणि दाबून बघा. पांढरं व्हायला लागलं की वाचलो. जांभळा गडद झाला तर लगेच या." म्हणजे दादाचा पाय आता पुढच्या तीन-चार दिवसांवर अवलंबून होता, आणि त्यात माझ्याकडून मोजण्यासारखं काहीच नव्हतं.

तिथून तुर्भ्याला गेलो. मी मानसीला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती लॅपटॉप मिटून म्हणाली, "काका, मी हे सगळं खुर्चीवर बसून डिझाईन केलं. चालणं, उभं राहणं, जिना, सगळं टेस्ट केलं. मांडी टेस्टच नाही केली."

मागून जनार्दनशेठ आले. जेवायची वेळ होती, सतरंजी अंथरलेली, छपाईकाम करणाऱ्या चार ताया मांडी घालून डबे उघडत होत्या. शेठनी एकदा सतरंजीकडे, एकदा पोरीकडे बघितलं. "रोज जेवतो कसा आपन? आं? आपला अख्खा गाव मांडी घालून बसतो, न् तुला दिसला नाय?"

"पप्पा, प्लीज."

"माजा बाप मिठागरान राबला. पाय मिठानं खडक झालं व्हतं, पन जेवाला बसला का पयला घोट्याखाली फडका घ्याचा. तवा मशीन नव्हती."

"चूक माझी आहे," मानसी मला म्हणाली. "'फुल रेस्ट' मीच म्हणाले होते."

"नाही. आरसा मी बंद केला. सातवा नियम लिहून घेऊन मोडला."

"पण सेन्सर तिथे हवाच होता..."

"खुर्ची माळ्यावर मी टाकली."

"आरं, घोटा माझा हाय," दादा म्हणाला, "मला बी थोडी द्या." वहिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. माझ्याकडे बघून नाही, पण हसल्या.

सहावा दिवस: उरण

घोट्यासाठी सतरावा ठिपका करायचं ठरलं. त्याला आणखी मऊ फिल्म हवी होती, आणि तिचा रोल उरणच्या बाजूच्या गोदामात येऊन पडला होता. जनार्दनशेठ टेम्पो घेऊन निघाले, मी बरोबर गेलो. खरं कारण असं, की घरी बसून दर अर्ध्या तासाने डाग बघायला मला वहिनींनी मनाई केली होती.

रस्त्याला कंटेनरांच्या रांगा. दोन रांगांच्या मधून अचानक भाताचं खाचर, त्यात बगळे, आणि पलीकडे खारफुटी. शेठ एका हाताने टेम्पो चालवत दुसऱ्याने दाखवत होते. "ती जागा आमची व्हती. ती पन. तो टॉवर दिसतो ना, तिथं मिठाचं ढीग." मी विचारलं, वाईट वाटतं का. "वाटतं कदी कदी. पन पोरगी मिठान उभी राह्यली असती, तं ही कातडी कोनी बनवली असती?" मग म्हणाले, "तुमी टेन्शन घेऊ नका, मास्तर. डाग हाय, भोक नाय."

गोदामात रोल मिळायला अडीच तास लागले. मी घड्याळ बघितलं, पण लिहिलं नाही. वही घरी ठेवून आलो होतो.

परत आल्यावर वहिनींनी दारातच सांगितलं, "हाय तसाच हाय. गडद नाय झाला."

सातवा आणि आठवा दिवस: पुन्हा तुर्भे, पुन्हा ओटा

नवा ठिपका छापताना मी बाजूला उभा राहिलो आणि दुधाबद्दल काही बोललो नाही. पुन्हा तीच चौकट, तीच शाई, पण चकती दहाच्या नाण्याएवढी आणि तिच्यापासून निघणाऱ्या रेघा चारही बाजूंनी नागमोडी, कारण घोटा वाकतो, फिरतो. शाई वाळवायच्या भट्टीतून काढली, रबर ओतलं, बुडबुडे काढले. अंगाला चिकटवायची नाही, मोज्याच्या बाजूला आतून शिवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती दाब किती वेळ राहिला की फोनने वाजायचं, तेही त्यांनीच ठरवलं.

दादाच्या घोट्यावर तपासणं शक्यच नव्हतं, म्हणून तो मोजा मी घातला आणि फरशीवर मांडी घालून बसलो. सोळा ठिपके शून्य. सतरावा: चौऱ्याण्णव.

तळव्याला सर्वांत जास्त चालताना एकाहत्तर आला होता. हा बसल्या जागी चौऱ्याण्णव. मोजा काढल्यावर मी स्वतःचा घोटा बघितला. तिथे काळपट, जाड घट्टा आहे. चौपन्न वर्षं रोज दोनदा पानावर बसून पडलेला. तो मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

त्याच संध्याकाळी वहिनींनी दादाच्या डागावर बोट दाबून सोडलं. जागा पांढरी झाली. मग हळूहळू गुलाबी. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पांढरी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लिहा की, भाऊजी," म्हणाल्या. पाच दिवसांपूर्वी मी घर डोक्यावर घेतलं असतं. आता नुसतं म्हणालो, "लिहितो." आणि वही शोधायला उठलो.

आठव्या दिवशी खुर्ची माळ्यावरून खाली आली. मीच काढली, पुसली. दादा एकटाच वर बसणार म्हणून टोळी कुरकुरली, तेव्हा रामभाऊने मार्केटातून कांद्याचे तीन रिकामे क्रेट आणले आणि सगळेच वर बसले. डाव सुरू झाला. दहा-बारा मिनिटांनी दादाचा फोन घुर्र करून वाजला.

बघितलं, तर दादाचा उजवा पाय खुर्चीवर मुडपलेला, घोटा प्लास्टिकच्या कडेवर. कधी वर घेतला ते त्याला माहीत नाही. खाली सोडला. पाच मिनिटांनी पुन्हा घुर्र. पुन्हा पाय वर. खुर्चीत बसूनही तो अर्धी मांडी घालतो, दोन वर्षं घालत आला असणार, आणि हे त्याला, वहिनींना, मला, कुणालाच दिसलं नव्हतं.

"हे काय वाजतंय मघापासनं?" समोरच्या जोडीतला एक जण म्हणाला. "ह्याच्याकडं मेंढी आली की वाजतंय. रामभाऊला इशारा हाय हा."

"आरं, घोटा हाय माझा!"

"घोटा वाजतो व्हय? पानं टाका परत."

पानं परत वाटली. तिसऱ्यांदा वाजायच्या आधी दादाने आपणहून खाली बघितलं, पाय अर्ध्यावर आला होता, तो त्याने हाताने धरून खाली ठेवला. मार्केटातलं पोतं ठेवावं तसा, सावकाश.

नववा दिवस, आणि घरी

निघायच्या सकाळी डॉक्टरांनी डाग पाहिला. फिका झाला होता. मांडी मात्र आता कायमचीच बंद. दादा म्हणाला, "चालायला परवानगी हाय ना?" हो म्हटल्यावर तो दवाखान्यातून थेट मार्केटला चहाला गेला. मला एसटीत बसवायला आला नाही. मला त्याचा राग आला नाही.

पितळी वजन मी मानसीला देऊन आलो. डेअरीत त्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला, तो मी खरा दिला. तिने परवा कळवलं, की नवे मोजे सतरा ठिपक्यांचेच निघतायत, आणि तपासणीच्या यादीत 'जेवायला बसणे' असा नवा मुद्दा आला आहे.

घरी मी अजून पानावर मांडी घालूनच बसतो. फक्त घोट्याखाली फडक्याची घडी घेतो. बायकोने विचारलं, हे काय नवीन. मी म्हटलं, मिठागरातलं आहे.

रोज संध्याकाळी साडेसातला वहिनींचा फोन येतो. कालही आला.

"भाऊजी, लिहा. डाग शून्य."

"आरशात?"

"आरशात. आन् बोटानं दाबून."

"ठिपका किती वेळा वाजला?"

"दोनदा. एकदा डावात, एकदा जेवताना."

मागून दादाचा आवाज आला. "त्याला सांग, डावातला इशाराच व्हता!"

मी वही उघडली आणि शून्य लिहिलं. रेघ मारायला पट्टी घेतली, पण मारली नाही. शून्याच्या पुढे नवा रकाना आखला आहे, तो भरला: कुठे बघितलं, घोटा. कुणी बघितलं, वहिनींनी.